मार्कोनी सापडला

नमस्कार मंडळी. कोजागिरीचं दूध आटेपर्यंत कोणीतरी बोलायला हवं म्हणून कमिटीने मला उभं केलंय आणि विषय दिलाय 'समुद्रावरचे थरारक अनुभव'. थरारक वगैरे काही नसतं हो, वादळात माणूस बादली धरून बसलेला असतो, त्याला कसला थरार. त्यामुळे विषय मी बदललाय, सेक्रेटरींना हे आत्ताच कळतंय. मी बोलणार आहे माझ्या दोन जहाजी मित्रांबद्दल. गेल्या आठवड्यापासून दोघं सिंगापूरला माझ्याच घरी मुक्कामाला आहेत आणि आत्ता मागे समोशांच्या टेबलाजवळच्या खुर्च्या पकडून बसलेत.

एकाला आम्ही पाच साब म्हणतो, दुसऱ्याला मार्कोनी. खरी नावं फक्त त्यांच्या बायका वापरतात. आपल्याकडच्या जहाजांवर पद्धतच तशी, फिफ्थ इंजिनियर म्हणजे पाच साब, चीफ इंजिनियर बडा साब, डेकवरचा ऑफिसर मालिम, खलाशांचा मुकादम सारंग, स्वयंपाकी भंडारी, आणि रेडिओ ऑफिसर तो मार्कोनी. पाच साब पुढे चीफ इंजिनियर होऊन रिटायर झाला, अख्खी इंजिन रूम त्याच्या शब्दावर चालायची, पण आमच्यासाठी तो अजून पाच साबच. मी कॅप्टन म्हणून रिटायर झालो. चांगी एअरपोर्टवर मार्कोनी ट्रॉली ढकलत बाहेर आला, तीसेक वर्षांनी मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय, "ए कॅडेट, बॅग घे." माझ्याबरोबर ऑफिसातला एक ज्युनियर मुलगा होता, दिवसभर मला कॅप्टन सर कॅप्टन सर करणारा, तो बघतच राहिला. आणि मी बॅग घेतली ना! हात आपोआप गेला.

तुम्हाला वाटेल, तीस वर्षं भेट नाही म्हणजे नक्की वाजलं असणार. तसं काही नाही, साइन ऑफ झालो, म्हणजे जहाजावरून उतरलो, बस. जहाज इथेच, ह्या ईस्ट कोस्टवरून दिसतं त्या अँकरेजमध्ये उभं असायचं, लाँच यायची, त्यातून तुमचा रिलीव्हर शिडीने वर चढायचा, अर्ध्या तासात त्याला चार्ज द्यायचा आणि त्याच शिडीने तुम्ही खाली. आठ-दहा महिने ज्याच्याबरोबर तीन वेळ जेवलो त्याला वरच्या वर हात करायचा, तो तेव्हा ड्युटीवर असला तर तेही नाही. मग लाँच थेट क्लिफर्ड पिअरला, तिथून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, आणि बायकोसाठी नायलॉनच्या साड्या घ्यायच्या आणि मुंबईचं विमान. पत्ते लिहून घेतलेले असायचे, पण पत्र टाकणार कुठे, तो माणूस पुढचं वर्ष ब्राझील ते जपान करत असणार. मोबाइल नव्हते हे आजच्या मुलांना सांगावं लागतं.

गंमत अशी की आमच्यात सगळ्यांचा ठावठिकाणा ज्याला माहीत असायचा तोच माणूस सगळ्यात जास्त हरवला. त्याचं काम आधी सांगतो. ब्रिजच्या मागे त्याची रेडिओ रूम, छोटीशी खोली, आणि भिंतीवर एक घड्याळ. ह्या घड्याळाच्या तबकडीवर 15 ते 18 आणि 45 ते 48 ह्या मिनिटांवर लाल पट्टे रंगवलेले. म्हणजे दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं जगातल्या सगळ्या जहाजांनी 500 किलोहर्ट्झवर गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं, कोणी बुडत असेल, कोणाचा एसओएस असेल तर तो ऐकू यावा म्हणून. मार्कोनीला ह्याची इतकी सवय की मेसमध्ये जेवतानासुद्धा सव्वा वाजला की हा बोलताबोलता थांबायचा. पाच साब म्हणायचा, ह्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सव्वा वाजला तर काय होईल.

आणि तारा. बॉम्बे रेडिओ, म्हणजे जहाजांशी बोलणारं किनाऱ्यावरचं केंद्र, कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, व्हीडब्ल्यूबी, ठरलेल्या वेळी ट्रॅफिक लिस्ट वाचायचं, मोर्समध्येच, त्या कट्ट-कडच्या भाषेत, ज्या जहाजांची तार आली असेल त्यांच्या कॉल साइन्स. आमची आली की मार्कोनी कानाला हेडफोन लावून उतरवून घ्यायचा. आम्ही सगळे अधाशी, दिसला की विचारायचं, मार्कोनी माझं काही? तो म्हणायचा "क्यूआरयू". हा रेडिओवाल्यांचा कोड आहे, अर्थ एवढाच की तुझ्यासाठी माझ्याकडे काही नाही. महिनाभरात अख्खं जहाज क्यूआरयू बोलायला लागलं. दुसऱ्यांदा डाळ मागितली की भंडारी क्यूआरयू, बाँडमधली, म्हणजे जहाजाच्या स्टोअरमधली, बिअर संपली क्यूआरयू, पाच साबाने बडा साबकडे सुट्टी मागितली, क्यूआरयू.

साधी तार असली की तो मेसच्या पोऱ्याच्या हाती पाठवायचा. पण एकदा दुपारी तो स्वतः कागदाची चौकोनी घडी हातात घेऊन अ‍ॅलीवेमधून आला. आम्ही चहा पीत उभे होतो, सगळे गप्प, कोणाच्या केबिनपाशी थांबतो ते बघत. तीन साबच्या दारावर टकटक केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तीन साबची आई गेली होती. तासाभराने मार्कोनी बाहेर आला, आम्ही विचारलं काय झालं, तर एक शब्द बोलला नाही. तीन साबने स्वतः सांगितलं तेव्हाच आम्हाला कळलं. प्रत्येकाच्या घरची बातमी आधी त्याच्या कानात जायची, बायकोचं भांडण, कर्ज, मुलगी झाली, नापास झाला, सगळं. पण हा इसम ज्याने जगाची थट्टा केली, त्याने तारेतल्या मजकुरावरून कधी कोणाची थट्टा केली नाही. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, मी 19 वर्षांचा, चिपिंग हॅमरने गंज ठोकत बसणारा पोरगा.

मग सॅटेलाइट आले. 1912 साली टायटॅनिक बुडाली आणि त्यानंतर जहाजावर रेडिओवाला हवा ह्याचे नियम झाले, ते जवळजवळ 90 वर्षं चाललं, आणि 1 फेब्रुवारी 1999 पासून नवी सिस्टिम पूर्ण लागू झाली, मोर्सची गरज संपली. फ्रेंच नौदलाने 31 जानेवारी 1997 ला मोर्स बंद करताना शेवटचा संदेश पाठवला होता, सर्वांना हाक, चिरंतन शांततेआधीची ही आमची शेवटची आरोळी, असा काहीतरी. फ्रेंच लोकांना असं सुचतं. आमच्याकडे एक सर्क्युलर आलं. आणि मार्कोनीचं काम गेलं कोणाकडे, तर आम्हा डेकवाल्यांकडे, थोड्या दिवसांचा कोर्स, एक सर्टिफिकेट, संकट आलं की लाल बटण दाबा. म्हणजे त्याची जागा मीच खाल्ली असं तो म्हणतो, गेल्या आठवड्यापासून दिवसातून चार वेळा म्हणतो, मुख्यतः मी जेवत असताना.

त्यानंतर मार्कोनी गायब. पाच साबने आणि मी किती लोकांना विचारलं असेल. फेसबुकवर नाही, कुठल्या बॅचच्या ग्रुपवर नाही. आणि सापडला कसा तर एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमुळे, देवाशपथ. सांगलीतल्या कुठल्याशा सोसायटीत एका म्हाताऱ्याने गच्चीवर भलीमोठी अँटेना उभी केली, हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, त्यावरून सोसायटीने त्याला नोटीस दिली, आणि म्हाताऱ्याचं उत्तर कोणीतरी फोटो काढून 'बघा एकेक नमुने' म्हणून पसरवलं. ते फिरतफिरत पुण्याला पाच साबच्या मेहुण्याकडे आलं. उत्तर असं होतं, "अँटेना लायसन्सची. पडणार नाही. पडल्यास भरपाई. कावळे बसतात, इलाज नाही. आभारी." पाच साब म्हणाला, तारेसारखं शब्द मोजून, पैसे वाचवून पत्र लिहिणारा दुसरा कोण असणार!

सोसायटीच्या सेक्रेटरीकडून नंबर मिळवला, त्यांना वाटलं आम्हीही तक्रार करणार, लगेच दिला. रात्री पाच साबने फोन लावला, मला कॉन्फरन्सवर घेतलं. तिकडून हॅलो आलं. पाच साबने नाव नाही सांगितलं, काही नाही, फक्त विचारलं, "मार्कोनी, माझं काही आहे का?"

एक सेकंदसुद्धा गेला नसेल. "क्यूआरयू," आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांनी त्याचाच परत फोन आला. त्या दोन मिनिटांत काय केलंस हे आम्ही अजून विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मग रात्री दोनपर्यंत तिघं बोलत होतो, म्हणजे दोघं, कारण पाच साबचे कान इंजिन रूमने कधीच खाल्लेत, त्याला निम्मं ऐकू येत नाही आणि तो उरलेलं स्वतःच्या मनाने भरतो.

परवा दोघांना क्लिफर्ड पिअर दाखवायला नेलं. लाँच 2006 पासून मरीना साउथवरून सुटतात, आणि आम्ही जिथे बॅगांवर डोकं ठेवून झोपायचो तिथे आता हॉटेलवाल्यांचं भारी रेस्टॉरंट आहे, पांढरे टेबलक्लॉथ वगैरे. पाच साबने मेन्यूतल्या किमती बघितल्या आणि मोठ्याने म्हणाला (त्याला हळू बोलता येत नाही) की एवढ्यात आपण इथून तीन टू-इन-वन नेले असते. वेटरने विचारलं, सर, यू हॅव बीन हिअर बिफोर? मार्कोनी म्हणाला, "यस. फ्लोअर." दोघांच्या बायका तेव्हाच शॉपिंगला निघून गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं एकच वादळ त्या आठवडाभर ऐकतायत आणि रोज लाट पाच फुटांनी वाढते.

आता कामाचं. आम्ही तिघांनी ठरवलंय की भंडारीला शोधायचं. गोव्याचा, सासष्टीकडचा, रविवारी बिर्याणी करायचा आणि संध्याकाळी पूप डेकवर व्हायोलिन वाजवायचा. डाव्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग. नाव काय म्हणाल तर तिघांनाही माहीत नाही, दहा महिने त्याच्या हातचं जेवलो आणि भंडारी, भंडारी करत राहिलो. त्याच्या घरी तार जायची तेव्हा नाव असणारच, मी मार्कोनीला खोदून विचारलं. तर म्हणतो, माहीत आहे, पण तारेतलं सांगत नाही. आता ह्याला काय म्हणायचं! तुमच्यापैकी कोणाचे गोव्यात नातेवाईक असतील तर दूध घेताना मला भेटा, आणि मार्कोनीकडून नाव काढून घ्यायची कोणाला युक्ती सुचत असेल तर आधी भेटा.