केसपेपरमधील माहितीवर हक्क कोणाचा?

[दृश्य: सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग, केसपेपरच्या खिडकीपुढील रांग]

खिडकीपलीकडील कर्मचारी नाव, वय आणि तक्रार मोठ्याने विचारतो, आणि मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसांच्या देखत रुग्ण उत्तर देतो. त्वचेचा आजार असो, मूळव्याध असो की क्षयरोगाची शंका, डॉक्टरांची भेट होण्याआधीच त्याची खासगी गोष्ट चारचौघांत गेलेली असते. यामागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो. गर्दी मोठी असते आणि जागा अपुरी. परंतु एकदा उघड झालेले पुन्हा झाकता येत नाही, आणि त्याची झळ एकट्या रुग्णालाच लागते.

डॉक्टरांसाठी २००२ साली लागू झालेल्या आचारनियमांनुसार उपचारादरम्यान कळलेले रुग्णाचे गुपित तीनच परिस्थितींत सांगता येते: न्यायालयात न्यायाधीशांचा आदेश असेल तर, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि निश्चित धोका असेल तर, किंवा आजार शासनाला कळवणे बंधनकारक असेल तर. यातील दुसरा अपवाद सर्वांत अवघड आहे, आणि तो प्रश्न हे नियम येण्याआधीच सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन गेला होता.

[दृश्य: जुन्या न्यायालयीन कागदपत्रांची पाने]

नागालँडच्या आरोग्य सेवेतील एका डॉक्टरांना चेन्नईच्या रुग्णालयात दुसऱ्या रुग्णासाठी रक्त देण्यास सांगण्यात आले. तपासणीत त्यांना एचआयव्हीची लागण असल्याचे आढळले. ही गोष्ट बाहेर पडली, १९९५ च्या डिसेंबरात ठरलेला त्यांचा विवाह मोडला, आणि समाजाने वाळीत टाकल्यामुळे त्यांना कोहिमा सोडावे लागले. रुग्णालयाने गोपनीयता मोडली म्हणून त्यांनी भरपाई मागितली. १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य केला, परंतु तो निरपवाद नाही आणि नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क त्याहून वरचढ ठरतो, असे सांगून त्यांची मागणी फेटाळली. एचआयव्हीबाधितांच्या विवाहाच्या हक्काविषयी त्या निकालात आलेली मते त्या प्रकरणात आवश्यकच नव्हती, हे न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले.

त्या तरुणीला धोका कळायलाच हवा होता, याबद्दल दुमत नाही. मात्र तो कोणी, कोणत्या क्रमाने आणि किती लोकांना सांगायचा, याची कोणतीही रीत तेव्हा ठरलेली नव्हती, आणि एका माणसाचे आयुष्य विस्कटले ते या उणिवेमुळे, असे आमचे मत आहे. ही रीत २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्याने घालून दिली. त्यानुसार डॉक्टर किंवा समुपदेशक आधी रुग्णालाच जोडीदाराला सांगण्याविषयी समजावतात. तो सांगणार नाही अशी खात्री झाली आणि जोडीदाराला मोठा धोका दिसला, तर आपला हेतू रुग्णाला कळवून, जोडीदाराचे समुपदेशन करून, समक्ष भेटीतच ही माहिती देता येते. रुग्ण स्त्री असेल आणि सांगितल्यामुळे तिला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगण्यास हा कायदा मनाई करतो.

त्याच वर्षी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास बंदी घातली. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख उघड करणाऱ्याला २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्या आजारांना आणि प्रसंगांना समाजाने लाज चिकटवली, त्यांना असे स्वतंत्र संरक्षण मिळाले. मधुमेह किंवा कर्करोगाच्या रुग्णाला मात्र सर्वसाधारण नियमांवरच विसंबावे लागते.

[दृश्य: वॉर्डाबाहेर उभे नातेवाईक]

आपल्याकडे आणखी एक सवय खोलवर रुजलेली आहे. कर्करोगाचे निदान झाले की डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन सांगतात, आणि आईला शेवटपर्यंत काहीच कळू दिले जात नाही. ही माया असते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु शुद्धीवर असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या शरीराची माहिती तिच्या आधी इतरांना कळावी, याला तिची संमती कोणी घेतलेली असते?

याउलट, हीच गोपनीयता रुग्णाच्याच विरोधात ढाल म्हणून वापरली गेल्याचेही दिसते. मागितलेले कागद ‘गोपनीय’ ठरवून नाकारण्याच्या प्रकारांवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले, की रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने मागणी केल्यास केसपेपरच्या प्रती देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. पुढे २००२ च्या नियमांनी त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर तपासणी अहवाल]

कागद संगणकात गेल्यावर चुकीचा आवाका पार बदलला. २०१६ च्या डिसेंबरात मुंबईतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे ४३ हजारांहून अधिक अहवाल, त्यांत एचआयव्ही चाचण्यांचेही, इंटरनेटवर कोणालाही उघडता येतील असे पडून असल्याचे आढळले. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तेथील नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले.

या काळासाठी संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्यात माहिती सांभाळण्यात कुचराई करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील’ म्हणून जो वेगळा दर्जा दिला होता, तो या कायद्यात नाही. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होते, आणि नुकसानभरपाईचा मार्ग देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. म्हणजे ज्याचा अहवाल जगापुढे आला, त्या रुग्णाच्या हाती या कायद्यातून एक रुपयाही येणार नाही. भरपाईचा हा हक्क कायद्यात परत आणला जावा, ही मागणी रुग्णांनी आणि डॉक्टरांनी मिळून करायला हवी.