पहाटेचं स्वप्न आणि ल्युसिड ड्रीम: आधी झोप वाचवा, मग स्वप्नाकडे वळा

नमस्कार मंडळी!

"पहाटेचं स्वप्न खरं होतं" हे आपण सगळ्यांनी आजीकडून नाहीतर मावशीकडून ऐकलेलं आहे. ते खरं होतं की नाही, यावर आज मी बोलणार नाही. पण आजीने वेळ मात्र अगदी बरोबर पकडली होती. लांबलचक, गोष्टीसारखी, उठल्यावरही लख्ख आठवणारी स्वप्नं बहुतेक पहाटेच पडतात. आणि ल्युसिड ड्रीम, म्हणजे स्वप्न चालू असतानाच 'अरे, हे तर स्वप्न आहे' असं कळणं, तेसुद्धा जास्त करून याच वेळी घडतं.

ल्युसिड ड्रीमवर तुम्ही पुष्कळ व्हिडिओ पाहिले असतील. आठ दिवसांत शिका, हा मास्क घ्या, ते ॲप टाका. माझं म्हणणं वेगळं आहे. रात्री साडेबाराला झोपून पाचच्या अलार्मला उठणाऱ्या माणसाला कुठलीच युक्ती फारशी कामाला येत नाही, कारण ज्या झोपेत हे घडायचं तीच झोप त्याने कापलेली असते. ते कसं, ते आधी बघू.

(स्क्रीनवर: रात्री ११ ते सकाळी ७ चा आलेख)

१९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. झोपलेल्या माणसाची बुबुळं काही ठरावीक वेळा बंद पापण्यांखाली भराभर फिरतात, आणि तेव्हा त्याला उठवलं तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. या झोपेला रॅपिड आय मूव्हमेंट, थोडक्यात रेम झोप म्हणतात. साधारण दर नव्वद मिनिटांनी ती येते. समजा तुम्ही अकराला झोपलात, तर पहिली रेम साडेबाराच्या आसपास येईल, जेमतेम पाच-दहा मिनिटांची. रात्रीचा पूर्वार्ध गाढ झोपेचा असतो. मग जसजशी रात्र सरते तसतशी रेम लांबत जाते, आणि पहाटे चारनंतरची रेम अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त चालते. मोठ्या माणसाच्या एकूण झोपेत रेमचा वाटा २० ते २५ टक्के, पण त्यातला बराचसा या शेवटच्या दोन-तीन तासांत असतो. म्हणजे आठ तासांची झोप सहावर आणली, तर सगळ्यात मोठी कात्री रेमलाच लागते.

आता नागपुरातलंच एक स्वप्न घ्या. तुम्ही सीताबर्डीवरून चालत झिरो माइलला आलात. तिथल्या घोड्यांच्या चार पुतळ्यांपैकी एक घोडा चौथऱ्यावरून उतरून शेजारच्या ठेल्यावर तर्री-पोहे खातोय, आणि ठेला तुमचे दहावीचे गणिताचे सर चालवतायत. तुम्ही काय म्हणता? "सर, मला कमी तिखट द्या." घोड्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही! जागेपणी जो भाग 'हे कसं शक्य आहे?' असं विचारतो, तो कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स रेम झोपेत बराच मंदावलेला असतो. भावना आणि दृश्यं सांभाळणारे भाग मात्र जोरात चालू असतात. म्हणून भीती खरी वाटते, आनंद खरा वाटतो, फक्त शंका येत नाही. ल्युसिड ड्रीममध्ये हा शंका घेणारा भाग काही वेळापुरता जागा होतो. घोड्याकडे बघून तुम्ही थबकता, आणि मग कळतं.

हे सगळं माणसाने उठून सांगितलेलं, मग ते खरंच झोपेत घडलं याला पुरावा काय? शास्त्रज्ञांनीही हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर ज्या पद्धतीने मिळालं ते मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो. स्वप्नात पळालो तरी आपण पलंगावरून उठत नाही ते त्यामुळेच. पण डोळ्यांचे स्नायू मोकळे राहतात. इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी हेच धरलं. हल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ॲलन वर्सली नावाच्या गृहस्थांशी आधीच ठरलं होतं, की स्वप्नात आहोत हे कळलं की डोळे डावीकडे-उजवीकडे मोजून आठ वेळा फिरवायचे. १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी, वर्सली रेम झोपेत असताना, डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राच्या कागदावर ती ठरलेली खूण उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच करून दाखवलं, १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि मग जगाने मान्य केलं.

त्याच्या पुढची पायरी २०२१ ची. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी मिळून झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारले. एकोणीस वर्षांचा एक मुलगा रेम झोपेत आहे, त्याने डोळ्यांनी खूण केलेली आहे की मी स्वप्नात जागा आहे. संशोधकाने विचारलं, आठ वजा सहा किती? त्याचे बंद पापण्यांखालचे डोळे दोनदा डावी-उजवीकडे गेले. पुन्हा विचारलं, पुन्हा दोनदा. ३६ जणांवर एकूण १५८ वेळा असे प्रश्न टाकले गेले, त्यांतले साधारण १८ टक्के वेळा अचूक उत्तर आलं आणि चुकीचं उत्तर फार क्वचित. बहुतेक वेळा काहीच उत्तर आलं नाही, हेही लक्षात ठेवा. एकाला तर तो प्रश्न स्वप्नातल्या गाडीच्या रेडिओवरून ऐकू आला. बाहेरचा आवाज स्वप्नाने आपल्या गोष्टीत ओवून घेतला!

आणि हे काही दुर्मीळ सिद्धीचं काम नाही. पन्नास वर्षांतल्या ३४ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये घेतला गेला, त्यात सुमारे ५५ टक्के लोकांनी आयुष्यात निदान एकदा असं स्वप्न पडल्याचं सांगितलं. महिन्यातून एकदा किंवा जास्त पडणारे साधारण २३ टक्के.

आता येऊ आपल्या झोपेकडे. आणि नागपुरात झोपेबद्दल बोलायचं तर उन्हाळ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

रेम झोपेत शरीराचं तापमान सांभाळायचं काम ढिलं पडतं. घाम येणं, थंडीने कुडकुडणं, दोन्ही नीट होत नाही. त्यामुळे खोली फार गरम असली की शरीर रेममध्ये टिकत नाही, आपण सारखे जागे होतो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस आठवा. दिवसा पारा पंचेचाळीसच्या वर, रात्रीही तो तिशीच्या आसपास रेंगाळतो, भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या. जरा गारवा जाणवायला लागतो तो पहाटे. आणि नेमका तेव्हा काय प्रकार होतो? कूलरची टाकी रिकामी होते. आधी पंपाची घरघर ऐकू येते, मग वाळलेल्या ताट्यांतून कोरडी गरम हवा अंगावर यायला लागते, आणि घरातलं कोणीतरी अर्धवट झोपेत बादली घेऊन उठतं. बहुतेक घरांत ती आई असते. सगळ्यात लांब रेमची वेळ, आणि ती रोज बादलीत जाते. म्हणून मी कळकळीने सांगतो, झोपण्याआधी टाकी काठोकाठ भरा, जमलं तर फ्लोट बसवून नळाची लाइन जोडून घ्या. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि त्या चिकचिकीत झोप आणखी मोडते. झोपण्याच्या तास-दीड तास आधी अंघोळ करा, शरीरातली उष्णता त्वचेवाटे बाहेर पडायला मदत होते. वीज गेली तर माझ्याकडे उपाय नाही. स्लॅबवर, म्हणजे गच्चीवर झोपायची सोय असेल तर मे महिन्यात ती अजूनही चांगली.

दुसरी गोष्ट जेवणाची. रात्री साडेदहाला सावजी मटण आणि अकराला पलंग, हे आपल्याकडे नवं नाही. १९९२ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. तरुण, निरोगी मुलांना रात्रीच्या जेवणात तिखट सॉस आणि मोहरी दिली, तर त्यांना झोप लागायला वेळ लागला, गाढ झोप कमी झाली आणि झोपेच्या सुरुवातीला अंगाचं तापमान वाढलेलं राहिलं. सावजी सोडा असं मी म्हणत नाही, ते आठ वाजता खा.

दारूबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की तिने छान झोप लागते. डोळा लवकर लागतो, खरं आहे. पण रात्रीच्या पूर्वार्धात दारू रेम दाबून धरते, आणि तिचा अंमल उतरला की उत्तरार्धात ती रेम उसळून वर येते. मग तुकड्यातुकड्यांची झोप आणि भडक, घाबरवणारी स्वप्नं. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा भाग पाचेक तासांनंतरही अंगात असतो, तेव्हा रात्री नऊचा ठेल्यावरचा चहा टाळलेलाच बरा.

आणि अलार्म. नीट परीक्षेची तयारी करणारी मुलं, हिंगणा-बुटीबोरीची पहिली शिफ्ट धरणारे, पहाटे अंबाझरीला फिरायला जाणारे, सगळ्यांना लवकर उठावं लागतं, मान्य. मग झोपायची वेळ मागे आणा. पाचला उठायचं तर साडेनऊला दिवा बंद, आणि तोही रोज, रविवारीसुद्धा थोड्याफार फरकाने. रेम आपल्या शरीराच्या घड्याळाला बांधलेली आहे आणि घड्याळ सवयीने सरकतं. मुलांना झोप कमी करून अभ्यासाला बसवणाऱ्या पालकांना मी हात जोडून सांगतो, वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं.

एवढी झोप हाताशी आली, की मग ल्युसिड ड्रीमचा सराव. सुरुवात वहीपासून. रेम झोपेत मेंदूतलं नॉरॲड्रेनालिन हे रसायन अगदी कमी असतं, त्यामुळे स्वप्न स्मृतीत नीट बसत नाही आणि मिनिटाभरात निसटतं. डोळे उघडले की हलू नका, मोबाइल घेऊ नका. त्याच कुशीवर पडून शेवटचं दृश्य धरा आणि तिथून मागे मागे जा: कुठे होतो, कोण होतं, कसं वाटत होतं. मग उशाशी ठेवलेल्या वहीत लिहा, दोन ओळी का होईना. काही दिवसांत तुमच्या स्वप्नांत परत परत येणाऱ्या गोष्टी दिसायला लागतील. कुणाला परीक्षेचा हॉल, कुणाला जुनं घर. मला स्वप्नात नेहमी फुटाळा तलावाचं पाणी रस्त्यावर आलेलं दिसतं, आणि आता तेच माझ्यासाठी खूण झालं आहे.

मुख्य पद्धत लाबर्ज यांनी बांधलेली, माइल्ड नावाची. साधारण पाच तास झोप झाली की उठायचं. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं. परत झोपताना मनात म्हणायचं, 'पुढचं स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल.' आणि त्याच स्वप्नात आपण परत शिरलोय, खूण दिसली, ओळखलं, असं डोळ्यांसमोर आणायचं. जपासारखं नुसतं पुटपुटू नका, खरोखर ठरवा. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तेच इथे मुद्दाम करायचं आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात दिवसा 'मी स्वप्नात आहे का' हे तपासणं, पाच तासांनी उठणं आणि माइल्ड, या तिन्ही युक्त्या एकत्र करणाऱ्यांना आठवडाभराच्या सरावात साधारण १७ टक्के वेळा यश आलं. पण हे म्हटल्यावर पाच मिनिटांत ज्यांना परत झोप लागली, त्यांचं यश ४६ टक्क्यांच्या जवळ गेलं. उठून अर्धा तास रील्स पाहणाऱ्याने काय अपेक्षा करावी, ते तुम्हीच बघा.

दिवसा एक सवय लावता येते: नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात नाक बंद असूनही श्वास जातो. किंवा दुकानाची पाटी वाचा, नजर वळवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बदलतात. आणि खरंच कळलं की आनंदाने उडी मारू नका, त्या उत्तेजनेनेच जाग येते. स्वप्नातलेच हात एकमेकांवर चोळा, जवळची वस्तू निरखा, थोडं स्थिर व्हा.

पहाटे उठायची ही पद्धत सुट्टीच्या दिवशीच करा, जेव्हा नंतर झोपायला वेळ आहे. ज्यांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे आजार आहेत त्यांनी यात पडू नये, झोप मोडणं त्यांना महागात पडू शकतं.

सराव करताना कधी कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. ते भूत नाही. रेममधला स्नायूंचा सैलपणा जाग आल्यावर क्षणभर टिकतो, एवढंच. झटापट करू नका, सावकाश श्वास घ्या, एक बोट हलवायचा प्रयत्न करा, सुटतं. झोप अपुरी असेल आणि उताणं झोपत असाल तर हे जास्त होतं.

याच्या उलट प्रकार मात्र गंभीरपणे घ्या. पन्नाशी-साठीतले वडील किंवा काका झोपेत ओरडतात, लाथा मारतात, शेजारी झोपलेल्याला ठोसा बसतो, तर स्वप्नात कोणाशी तरी भांडत असतील म्हणून सोडून देऊ नका. रेममध्ये सैल पडायचे स्नायू सैल पडत नसतील, आणि काही जणांत ही पार्किन्सनची पुष्कळ वर्षं आधी दिसणारी खूण असते. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

शेवटी, ज्यांना तेच ते वाईट स्वप्न वारंवार पडतं त्यांच्यासाठी. यासाठी ल्युसिड ड्रीम जमलंच पाहिजे असं नाही. भर दिवसा, शांत बसून ते स्वप्न लिहून काढा. मग त्याचा शेवट तुम्हाला हवा तसा बदला: दार उघडतं, आई येते, गाडी थांबते, काहीही. आणि हा नवा शेवट रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवा. डॉक्टर याला इमेजरी रिहर्सल म्हणतात आणि वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर हा मान्य झालेला उपचार आहे. स्वप्न एखाद्या अपघाताचं किंवा अत्याचाराचं असेल, तर हे एकट्याने करू नका, मानसोपचारतज्ज्ञाला सोबत घ्या.