पाच गोळ्यांचं अंगण

श्रोतेहो, नमस्कार. अंगणात फरशी टाकायची पण डाग पडू द्यायचे नाहीत, यावर आज बोलू. आपल्याकडं फरशी म्हणजे शहाबादी. शहाबाद आज कर्नाटकात असलं, तरी 1956 पर्यंत ते अन् आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळं ती मला घरचीच वाटते. त्या चकचकीत टाईल्स मेल्या पावसात माणूस पाडतात. असो.

तर आमच्या अंगणाची गोष्ट. मिस्त्री म्हणाला, "सर, कशाला एवढा माल? चार कोपऱ्यांत चार अन् मधी एक, पाच गोळे बस्स झाले." माल म्हणजे फरशीखाली घालायचं सिमेंट-वाळूचं मिश्रण. मला पटलं, सिमेंट वाचत होतं ना! फरशी बसलीही झकास. मृगाचा पाऊस झाला, ऊन पडलं, अंगण वाळू लागलं, आणि बघतो तर प्रत्येक फरशीवर पाच-पाच गोल डाग. माय उंबऱ्यातूनच म्हणाली, "बाबू, अंगण केलंस का फासे मांडलेस?"

मी ॲसिडची बाटली आणली. ओतली. फरशी फसफसली! शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. खायच्या सोड्यावर लिंबू पिळावं तसं झालं. डाग तिथंच, भोवतीचा दगड मात्र पांढुरका, खरबरीत. माय दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

शेवटी पहारीनं फरश्या उचलल्या. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साचलेलं. गोळा टेकतो तिथून सिमेंटचे क्षार अन् ओल दगडात चढते, पोकळ जागी चढत नाही. म्हणून डाग नेमका गोळ्याएवढा.

तेव्हा पूर्ण माल टाका. पुन्हा सांगतो, गोळे नाहीत, पूर्ण माल. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, थर इंच-दीड इंच जाड. फरशीची पाठ धुऊन तिला सिमेंटचं घट्ट पाणी ब्रशनं फासा. वाळू मातकट नको, बोअरचं खारं पाणी नको, नाहीतर लोणा फुटतो, म्हणजे पांढरे क्षार वर येतात. दहा फुटांना दीड इंच उतार. सांडलेलं सिमेंट ओलं असतानाच पुसा. गेटचं वेल्डिंग आधी उरका. ठिणग्या गंजून तांबडे ठिपके पडतात. आणि ॲसिड नाही म्हणजे नाही.

सगळं अंगण मात्र झाकू नका हो, पाणी मुरायला थोडी माती उघडी ठेवा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची अन् पावसाचं पाणी गटारात सोडायचं, हे काय शहाणपण?

आमच्याकडं आता नळ दुरुस्त करायला कोणी आलं, तरी माय आधी विचारते, "गोळे का पूर्ण?"

नमस्कार.