बदलीच्या माणसांची घरं

मंडळी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नजवळच्या बर्लिंग गॅपला तुमच्यातले बरेच जण उन्हाळ्यात जाऊन आले असतील. जिना उतरून गोट्यांतून चाललात, वर येऊन चहा घेतलात. पण कड्याच्या काठावर जी घरांची रांग उभी आहे, तिच्याकडे पाठ करूनच फोटो काढलेत ना? आज त्या रांगेबद्दल बोलायचं आहे.

ती तटरक्षकांची लाइन. मी ‘लाइन’च म्हणतो, कारण मी पोलीस लाइनीत वाढलो. वडील शिपाई. बदली झाली की ट्रंका, पितळी डबे आणि आईची तुळस ट्रकात चढायची. एकदा मालवणी मुलखातल्या एका बंदराच्या गावी आलो, तर लाइनीत खोली रिकामी नव्हती. वडील आठ दिवस जागेसाठी हिंडले. घरांना कुलपं दिसत होती, पण उत्तर ठरलेलं: मुंबईची माणसं यायची आहेत. शेवटी एका आजींनी आईला ओटीवर बसवून खरं सांगितलं, “बाय माजे, तुजो घोव वायट नाय गो. पण आमच्या झिलाची होडी रातीची जाता.” पुढचे दोन महिने ठाण्यामागच्या पत्र्याच्या खोलीत काढले. मग लाइनीत खोली मिळाली. वडील रात्रपाळीला गेले की आई मधल्या भिंतीवर दोनदा टकटक करायची. पलीकडून दोन टकटकी आल्या की मगच झोपायची.

त्या आजींचं वाक्य 200 वर्षांपूर्वीच्या ससेक्सलाही, म्हणजे बर्लिंग गॅप ज्या परगण्यात आहे त्यालाही, लागू पडलं असतं. दारू, तंबाखू चोरून उतरवण्यात गावंच्या गावं गुंतलेली. 1822 मध्ये वेगवेगळी गस्तीपथकं एकत्र करून कोस्टगार्ड, म्हणजे तटरक्षक दल, उभं राहिलं, ते मुख्यतः जकात बुडवणाऱ्यांना पकडायला. माणूस मुद्दाम परमुलखातला नेमायचे. गावात सोयरीक असली की हात आखडतो. पण परक्या जकातवाल्याला गावात खोली कोण देणार? म्हणून सरकारला घरं बांधणं भाग पडलं.

आता नकाशा बघा. खांद्याला खांदा लावलेली एकसारखी घरं, अधिकाऱ्याचं जरा मोठं, टेहळणीची खोली, होडीची शेड, झेंड्याचा खांब. आयर्लंडमधल्या काही ठाण्यांना तर बंदुकीसाठी आपल्या किल्ल्यांसारख्या जंग्या आहेत. गावाने दूर ठेवलेली माणसं एकमेकांना धरून कशी राहिली, ते या नकाशात वाचता येतं. आणि आमच्या इथल्या गावातल्या अशाच एका रांगेत परवा कुणीतरी दोन घरं घेतली, मधली भिंत पाडली, टेहळणीची खिडकी बुजवून तिथे टीव्ही टांगला. बाहेरून रंग मात्र जुनाच ठेवला, म्हणून जतन झालं म्हणतात. मला त्या रात्री झोप लागली नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. जतनावर बोलतो म्हणालो होतो, ते भराभर सांगतो. बर्लिंग गॅपची रांग 1878 ची. खडूचा कडा सतत ढासळतो आहे. 2013-14 च्या वादळी हिवाळ्यानंतर टोकाचं एक घर उतरवावं लागलं. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने तिथे समुद्राला अडवायचं नाही असं ठरवलं. सेव्हन सिस्टर्स या खडूच्या कड्यांच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला, ककमिअर हेवनला, तिथल्या तटरक्षकांच्या घरांचे आताचे मालक स्वतःच्या खर्चाने बंधारा सांभाळतात. माझ्या मते बर्लिंग गॅपला बंधारा नकोच. कडा झिजतो म्हणूनच पांढरा राहतो. पण घर पडण्याआधी त्याचं इंच न् इंच मोजमाप व्हावं, चुलीपासून कडीकोयंड्यापर्यंत. आणि जिथे समुद्र लांब आहे तिथे मधल्या भिंती आणि टेहळणीच्या खिडक्या यांना हात लावायला परवानगी मिळू नये. दर्शनी भागापेक्षा त्यांचं मोल जास्त आहे.

दिवे लावायच्या आधी एवढी शेवटची स्लाइड बघा. रांगेच्या टोकाची ही भिंत आज थेट वाऱ्याला तोंड देते. ती बांधली तेव्हा मधली भिंत होती. पलीकडे शेजारी राहत होते.