फर्माला फसवणारा आकडा: ४,२९,४९,६७,२९७

नमस्कार मंडळी! हा आकडा बघा.

(पडद्यावर: ४,२९,४९,६७,२९७)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मूळ संख्या आहे का ही? फ्रान्सच्या टूलूजमधला सतराव्या शतकातला गणिती पिएर द फर्मा म्हणायचा, आहे! १६४० पासून पत्रांतून ते सांगायचा. सिद्धता आपल्याला जमलेली नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायचा.

पण एवढी खात्री कशावरून? २ घ्या आणि वर्ग करत जा: २, ४, १६, २५६, ६५,५३६. प्रत्येकात १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ! पुढचा वर्ग म्हणजे २ चा ३२ वा घात. त्यात १ मिळवला की आपला आकडा. पाचच्या पाच जमल्यावर सहावीवर कोण शंका घेणार?

गणिती लिओनार्ड ऑयलरने घेतली. १७३२ साली, रशियातल्या पीटर्सबर्गमध्ये, ऐन पंचविशीत. आकडा मूळ नाही, त्याचे अवयव पडतात!

(पडद्यावर: ६४१ × ६७,००,४१७)

आता कागद-पेनाने हे शोधायचं कसं? वर्गमूळापर्यंतच साडेसहा हजारांवर मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसलात तर गेलात कामातून! पण ऑयलरने पुढे दाखवलं, की या आकड्याचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या भागाकाराला शिकार! आणि गंमत अशी, की या युक्तीच्या मुळाशी फर्माचंच एक प्रमेय आहे. हत्यार घरात होतं, गड्याने काढलंच नाही.

मोठा भागाकार न करताही पटवून देतो. ६४१ ने भागून फक्त बाकी बघायची. ६४० हा ६४१ ला १ ने कमी, म्हणून त्याची बाकी म्हणजे उणे १. त्याचा चौथा घात १. पण ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. म्हणून चौथा घात होतो ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ म्हणजे ६४१ वजा १६, म्हणजे आपल्या हिशेबात उणे १६, उणे २ चा चौथा घात. ४ आणि २८, झाले ३२! म्हणजे उणे २ चा ३२ वा घात बरोबर १. दोन्ही एका बाजूला आणा: २ चा ३२ वा घात अधिक १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. इथे व्हिडिओ थांबवा आणि एकदा स्वतः लिहून बघा, खरंच.

या मालिकेतली सहावी मूळ संख्या आजवर कुणालाही सापडलेली नाही.

आता आपल्या आकड्याचे शेजारी बघा. एकने लहान तो २ चा ३२ वा घात, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या, ३२ बिटच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या. आणखी एक वजा करा: ४,२९,४९,६७,२९५. हा म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, फर्माच्या त्याच पाच जणींचा गुणाकार! विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतात, त्यांतला आज माहीत असलेला सर्वांत मोठा एवढ्या बाजूंचा आहे. कागदावर तो वर्तुळासारखाच दिसेल म्हणा.