रिकामी वाटी परत देऊ नये

मंडळी, आमच्या आईचा एक नियम आहे. शेजारून ओल्या काजूंची उसळ आली की वाटी घासून फडताळात ठेवायची, लगेच परत करायची नाही. घरात काही होईपर्यंत ती थांबते. मग तिच्यातून चार आमसुलं जातात, कधी फणसाचे गरे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. लहानपणी मला ही नुसती रीतभात वाटायची. आता वाटतं, हिशेब कधी मिटू नये म्हणूनच ही सोय असावी. फिटंफाट झाली की माणसं सुटी होतात. वाटी फिरत राहिली की कुणीतरी कुणाचं थोडं देणं लागतं आणि येणंजाणं चालू राहतं.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे का तुम्ही? होडीतून समुद्रात जाळं फिरवून टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. रापणकरांचे वाटे ठरलेले असतात. पण वाटेने जाणाऱ्या कुणी दोराला हात लावला, तर त्याच्याही हातावर चार मासे पडतात. तू कुणाचा, कुठला, हे आधी कुणी विचारत नाही. मला हे फार मोठं वाटतं.

आता माझ्या घरची गोष्ट. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडच्या गावांतली कौलं, पत्रे, नारळी-पोफळीच्या बागा घेऊन गेलं. टाळेबंदीचे दिवस. मी मुंबईत, आई केळशीजवळच्या वाडीत एकटी. वीज नाही, टॉवर बंद. चार दिवस काही कळेना. पाचव्या दिवशी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. आमचा शेजारी रेंज शोधत डोंगरावर चढला होता. "दादा, काकू बरी आहे. आमच्याकडेच आहे."

नंतर सगळं समजलं. आमची कौलं उडायला लागली तेव्हा तो मागच्या दाराने आत शिरला, कारण पुढचं दार पावसाळ्यात फुगून अडकतं हे त्याला ठाऊक होतं. दुपारची ती माजघरात आडवी होते, तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, गोळ्यांचा डबा देव्हाऱ्याखाली असतो, हेही ठाऊक होतं. कुठल्या सरकारी यादीत असतं हे? कित्येक वर्षं बाजारातून तिची औषधं आणताना, जाता जाता "काकू, काय हवंय गो?" विचारताना त्याला ते कळत गेलं होतं. त्या वादळात आईला वाचवलं ते त्या रोजच्या विचारण्याने, असं मी अगदी मनापासून मानतो.

गावी पोचलो तेव्हा मी पाकिटात पैसे घालून त्याच्याकडे निघालो. आईने ते पाकीट काढून घेतलं. म्हणाली, "हे देऊन त्याला परका करू नकोस."

त्याची मुलगी त्या वर्षी दहावीत गेली होती, गणित कच्चं. मी ते वर्षभर फोनवर घेतलं, दर रविवारी. ती पास झाली त्या दिवशी आईचा फोन आला. "आता वाटी त्यांच्याकडे आहे हो," म्हणाली आणि हसली.