आधी तारीख, मग गाव

नमस्कार श्रोतेहो.

सुट्टीत समुद्रावर जायचं ठरलं की आमच्या घरात एक भांडण ठरलेलं. गुहागर की तारकर्ली? दोन्ही कोकणातच, दोन्हीकडे समुद्र तोच, माड तेच. तरी बायको गुहागरची, मुलं तारकर्लीची, आणि मी त्या क्षणी चहा ज्याच्या हातात असेल त्याच्या बाजूचा. तुमच्याकडे गावांची नावं वेगळी असतील, कुणाकडे श्रीवर्धन विरुद्ध वेंगुर्ला असेल. भांडण मात्र हेच.

गुहागर म्हणजे निवांतपणा. चिपळूणला रेल्वेतून उतरायचं, पुढे रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर. व्याडेश्वराचं दर्शन घेतलं की चालत किनारा. जवळजवळ ६ किलोमीटरचा सरळसोट किनारा, मागे सुरूचं बन. तिथे करायचं काय, असं मुलं विचारतात. वाळूत बसायचं, भूक लागली की उठायचं. फारच हातपाय शिवशिवले तर हेदवीचा दशभुजा गणेश आहे, वेळणेश्वर आहे, आणि धोपाव्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढून दाभोळला उतरायची मजा आहे.

तारकर्ली म्हणजे उद्योग. कुडाळ स्टेशनला उतरायचं, मालवण गाठायचं. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, तिथे होड्या, स्कूबा, पाण्यातले सगळे खेळ. आणि मुख्य म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवरायांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत. चहूकडे खारं पाणी, आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं ऐकूनच तहान भागते.

मग कुठे जायचं? माझं उत्तर चार शब्दांचं आहे, आणि आज मी ते दोनतीनदा म्हणणार आहे. आधी तारीख, मग गाव. हे शहाणपण मला कुठून आलं, ते आता सांगतो.

चार वर्षांपूर्वी मुलं जिंकली, तारकर्ली ठरली. सोबत आमची आत्या. वय तेव्हा बहात्तर, गुडघे कुरकुरणारे, जीभ अजिबात न कुरकुरणारी. पक्की शाकाहारी. मासा स्वतःच्या ताटात सोडाच, शेजारच्या ताटातही खपत नाही. तिला जायचं होतं ते फक्त शिवराजेश्वरासाठी. "एकदा त्या ठशांवर डोकं टेकलं की झालं," असं ती वर्षभर म्हणत होती.

मुलांच्या शाळा, माझी रजा, गाडीचं आरक्षण, सगळं जुळवता जुळवता मालवणच्या जेटीवर आम्ही उभे राहिलो ते २७ मेला. समुद्र कसा होता म्हणता? ताटात ओतलेल्या पाण्यासारखा. समोर किल्ला, इतका जवळ की तटाचे दगड मोजावेत. आणि होडी? एकही नाही. किल्ल्याची होडी वाहतूक साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असते. पाण्यातले खेळही तेव्हाच बंद. आम्ही दोन दिवसांनी हुकलो होतो. होड्या वर ओढून ठेवलेल्या, एका होडीवर दोघं जण झाप अंथरत होते, पावसाची बेगमी. माझा धाकटा तर पोहायचा चष्मा कपाळावर चढवून आला होता. तो त्याने हळूच खिशात घातला.

आत्या काही बोलली नाही. ती जेटीच्या टोकाला गेली, चपला काढल्या. दुपारचे बारा वाजलेले, खाली फरशी तापलेली. तशी अनवाणी उभी राहून तिने किल्ल्याकडे हात जोडले. पायाला चटके बसत होते, ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर होत होती, पण हात काही सोडत नव्हती. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "गुहागरच्या व्याडेश्वराला होडी लागत नाही." मी जेटीवर बांधलेल्या दोरखंडाचे पीळ मोजू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेऊन तारकर्लीच्या किनाऱ्यावर निघालो, तर आत्या म्हणाली, मीही येते. थोडं पुढे गेलो तो रापण लागलेली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून भलं लांब जाळं समुद्रात अर्धगोलात टाकत जातात. त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर. मग दोन रांगा करून माणसं त्या दोऱ्या ओढतात. ओढत ओढत दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात, आणि जाळं किनाऱ्याला लागतं. तासन्‌तासांचं काम. बाया, बाप्ये, पोरं, सगळी हात लावतात.

आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती. रांगेतला एक म्हातारा, आत्याच्याच वयाचा असेल, तिच्याकडे न बघताच म्हणाला, "काय बगतात आजी? दोरी धरा!"

आणि श्रोतेहो, आत्याने पदर खोचला.

मला वाटलं, दोन मिनिटं धरेल, फोटोपुरती. मी फोटो काढलेही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पोरं धावत आली, तीही रांगेत घुसली. आत्या टाचा वाळूत रोवून मागे झुकत होती आणि म्हाताऱ्याच्या तालात "हं... हं..." करत होती. गुडघे? गुडघ्यांचं नाव नाही. जाळं जवळ आलं तसं पाणी चंदेरी व्हायला लागलं, वर घारी, कावळे, सगळा गोतावळा. शेवटी जाळं वाळूत आलं, तेव्हा आत बांगडे असे उड्या मारत होते की आत्या चार पावलं मागे सरली. तिला तोपर्यंत बहुधा आठवलंच नव्हतं की या दोरीच्या दुसऱ्या टोकाला मासे आहेत.

मग वाटे झाले. वाळूवर ढीग लागले. म्हाताऱ्याने एक छोटा ढीग आत्याच्या पुढ्यात सरकवला. "हो तुमचो वाटो."

आत्या म्हणाली, "अहो, आम्ही खात नाही." म्हातारा म्हणाला, "दोरी वडल्यात ना?" एवढं बोलून तो पुढच्या वाट्याकडे वळला. नको म्हणण्याची सोयच नाही. आत्याने क्षणभर विचार केला. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यातले बेसनाचे लाडू माझ्या रुमालात ओतले, आणि डबा पुढे केला. अकरा बांगडे. तिच्या डब्यात. हात लांब करून, मान वळवून, तो डबा तिने मुक्कामाच्या घरापर्यंत स्वतः आणला आणि घरमालकीणबाईंच्या हवाली केला.

दुपारी मी तिला म्हटलं, तुझं पान आत घेऊ का? म्हणाली, "नको, इथेच." आणि त्याच टेबलाशी वरणभात जेवत तिने हिशोब ठेवला. "हा माझा. तोही माझा. याने दोन घेतले." एक बांगडा उरला तर विचारते, "हा कुणी खाल्ला नाही? टाकायचा नाही हं, ओढलाय मी." रात्री ती खोबरेल तेल लावून तळहात उताणे करून बसली होती. दोरीने सोलवटले होते. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "पण सोडली नाही हो मी."

असो. गोष्टीने वेळ खाल्ला, आता मुद्दा भराभर सांगतो. आधी तारीख, मग गाव. किल्ला आणि स्कूबा हवं असेल तर मेच्या शेवटी तारकर्ली नको. पावसानंतर लगेचही नको, पाणी गढूळ असतं. थंडीत जा. नुसता समुद्र हवा, बरोबर म्हातारी माणसं, लहान पोरं, आणि होडीचा भरवसा नाही, तर गुहागर.

आणि तारीख म्हणजे नुसती इंग्रजी नव्हे, तिथीसुद्धा. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत-उतरत नाही. हेदवीची बामणघळ आहे ना, खडकातली ती अरुंद चीर, तिच्यातून पाण्याचा फवारा उंच उडतो तो भरतीलाच. ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून परत याल आणि कोकणाला नावं ठेवाल. पुन्हा सांगतो, तिथीची पाऊणपट. आणि ओहोटीच्या पाण्यात पोहायला उतरू नका, ते आत ओढतं.

जाता जाता, विषयाला सोडून. ते "समुद्र दिसणारी खोली" प्रकरण मला कळलेलं नाही. समुद्र पायाशी असताना तो गादीवरून बघायला जास्तीचे पैसे का द्यायचे? आणि किनाऱ्यावर स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्यांना एकदा रापणीच्या दोरीला उभं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हात मोकळे राहतात म्हणूनच हे सुचतं.

यंदा बायको जिंकली. डिसेंबरात गुहागर. तारीख पंचांगातून काढली आहे, संकष्टीची. सकाळी हेदवीला दर्शन, तीनच्या सुमाराला बामणघळ. आत्या येते आहे, आता शहात्तर वर्षांची. काल तिची पिशवी भरणं चाललं होतं. वर तोच स्टीलचा डबा, या वेळी रिकामा. आणि खाली बागकामाचे जाड हातमोजे, दोन जोड. दुसरा कुणाला, विचारलं.

"तुला," म्हणाली. "गेल्या वेळी तू नुसते फोटो काढत होतास."